सूत्रसंचालन सावळाराम वणवे यांनी केले

लासुर्ण्याच्या सावळाराम वणव्यांचा आवाज इंदापूर आणि बारामती तालुक्यातल्या बहुतेक घरांनी ऐकलेला आहे. चेहरा मात्र फार थोड्यांना आठवतो. लग्नात ते उभे असत स्टेजच्या कडेला, मंडपाच्या खांबाला टेकून. हातात माईक, खिशात चिठ्ठ्या, डोक्याला यजमानांनी बांधलेला फेटा. "आमच्या विनंतीला मान देऊन, आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून या ठिकाणी उपस्थित असलेले..." इथून त्यांची गाडी एकदा सुटली, की कुठल्याच स्टेशनाला न थांबता निघे.

या भागातल्या लग्नात नवरानवरी लागतात, भटजी लागतात, आचारी लागतो, तसा निवेदकही लागतो. आलेल्या मान्यवरांची नावं माईकवरून घेतली नाहीत तर ते लग्न झालं असं कुणी धरत नाही. मान्यवर आले, की त्यांचा माणूस चिठ्ठी घेऊन स्टेजकडे धावतो. चिठ्ठीवर नाव असतं आणि हुद्दा असतो. हुद्दा नसला तर तो द्यायचं काम निवेदकाचं, आणि या कामात सावळारामांचा हात धरणारा दोन्ही तालुक्यांत नव्हता. थोडाबहुत ऊस असला की माणूस 'प्रगतशील बागायतदार'. कधीकाळी सोसायटीवर संचालक होऊन गेला असेल तर 'सहकारातलं जाणतं नेतृत्व'. मिशा पांढऱ्या झाल्या तरी 'युवा नेते'. आणि दिवसभर नक्की काय करतो हे ज्याच्या बायकोलाही सांगता येत नाही, तो 'सामाजिक कार्यकर्ते'.

सगळ्यांना सगळं देऊन झालं, आणि एके दिवशी सावळारामांच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीच आलेलं नाही.

ते लक्षात आलं नरसिंहपूरच्या एका लग्नात. यजमान मोठ्या मनाचा. त्याने सगळ्यांचा सत्कार काढला. गुरुजी झाले, बँडवाले झाले, आचारी झाला, मंडपवाला झाला, जनरेटर चालू करून सबंध वेळ त्याच्याच सावलीत झोपलेल्या माणसालाही उठवून शाल आणि नारळ दिला. प्रत्येकाचं नाव सावळारामांनीच पुकारलं, प्रत्येकाला विशेषण लावलं. जनरेटरवाल्याला तर 'अंधारातून प्रकाशाकडे नेणारे' म्हणाले. शेवटी टेबलावर एक नारळ उरला. यजमान तो हातात धरून इकडेतिकडे बघत उभा राहिला, कारण पुढचं नाव पुकारलं जात नव्हतं. आता स्वतःचं नाव स्वतःच कसं घ्यायचं? सावळारामांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "यानंतर भोजनाचा कार्यक्रम आहे." नारळ पुन्हा पोत्यात गेला.

पेपरातही तीच गत. सभा असो, जयंती असो, हळदीकुंकू असो, बातमीची शेवटची ओळ ठरलेली: 'सूत्रसंचालन सावळाराम वणवे यांनी केले.' निदान वार्ताहर तशी लिहून पाठवायचा. छापून यायची बातमी, आणि शेवटची ओळ नेमकी नसायची. सावळाराम सकाळी पेपर उलगडून खालून वर वाचत आणि घडी घालून ठेवत. बायको कुशाबाई चुलीकडूनच विचारायची, "हाय का न्हाय?"

"न्हाय."

"मग चहा घ्या."

तर अशा या माणसाने, नातवंडं शाळेत जायला लागल्यावर, पत्रकारितेच्या प्रमाणपत्र वर्गात नाव घातलं. वर्ग बारामतीत, शनिवार-रविवारचा, पदवी असली की वयाची अट नाही. पदवी होती, ट्रंकेत होती, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. हिशेब सरळ होता: बातमी लिहिणाऱ्याचं नाव बातमीच्या वर छापतात, आणि वरचं कुणी कापत नाही.

"ह्या वयात दप्तर?" कुशाबाई म्हणाली. "नातवाचंच घेऊन जावा. त्येला शनवारी अर्धीच शाळा असती."

"अगं, शिकायला वय नसतं."

"शिकायला नसतं, पर गाडीवर बसून बारामतीला जायला असतं. भवानीनगरपतुर उसाच्या ट्रॉल्या बघा कशा सुटल्यात. मफलर बांधा."

वर्गात सगळी पोरंपोरी विशी-बाविशीची. सावळाराम पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून दारात उभे राहिले तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला. त्यांना वाटलं संस्थेचे कुणी अध्यक्ष आले. सावळारामांनी सवयीने हात जोडले, "बसा, बसा" म्हणाले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मग सगळेच बुचकळ्यात पडले. शेजारच्या बाकावर जळोचीची उत्कर्षा म्हणून एक मुलगी होती. तिने हळूच विचारलं, "काका, पालक बैठक आहे का?"

शिकवायला होते मुजम्मिल तांबोळी. वय सावळारामांच्या धाकट्या मुलाएवढं. काही वर्षं पुण्यात पेपरात काढलेली, आवाज बारीक, बोलणं मोजकं. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. म्हणाले, "एवढी सहा उत्तरं आली की बातमी झाली. बाकी सगळा फुलोरा."

सावळारामांनी वहीत पहिला प्रश्न लिहून घेतला. 'कोण' हे त्यांना मनापासून पटलं. त्यातच आयुष्य गेलं होतं.

पहिला सराव म्हणून सरांनी घटना दिली. एका वस्तीवर विहिरीत म्हैस पडली, गावकऱ्यांनी क्रेन आणून बाहेर काढली. लिहा बातमी. पोरांनी चार-चार ओळी लिहिल्या. सावळारामांची बातमी दोन पानं झाली. सर वाचायला लागले, "लोकप्रिय सरपंच, धडाडीचे उपसरपंच, प्रगतशील बागायतदार, युवकांचे आशास्थान..." पान उलटलं. अजून विहिरीच्या काठावर मान्यवरच उभे होते. क्रेनचालक 'कुशल व मनमिळाऊ' होता. दुसऱ्या पानाच्या अगदी तळाला एक ओळ होती: 'म्हैस सुखरूप आहे.'

सरांनी चष्मा काढला. "वणवे काका, म्हैस कुठंय?"

"हाय की सर. शेवटी हाय."

"पण पडली म्हैस. बातमी म्हशीची."

"ते बरोबर हाय सर," सावळाराम समजावणीच्या सुरात म्हणाले, "पर सरपंचाच्या आदी म्हैस कशी घ्यायची? उद्या गावात ऱ्हायचंय आपल्याला."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक उलटा त्रिकोण काढला. "महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली. का? पानावर ऐनवेळी जाहिरात येते, जागा कमी पडते. मग बातमी खालून कापतात."

सावळारामांचा पेन थांबला. "खालनंच का सर?"

"कारण तिथं जे असतं, त्यानं वाचकाला काही फरक पडत नाही."

त्या दिवशी परतताना उसाने भरलेली एक ट्रॉली भवानीनगरपर्यंत पुढे डुलत होती, तरी सावळारामांनी तिला मागे टाकलं नाही. तीस वर्षं आपण नेमके कुठल्या ओळीत उभे होतो, हे त्यांना एका त्रिकोणाने सांगितलं होतं.

पण माणूस चिकाटीचा. ठरवलं, आता वरच्या ओळीत जायचं. वर्गाचं एक सरावाचं साप्ताहिक होतं, आठ पानी, खरोखरचं छापलेलं. कॉलेजात, वाचनालयात आणि चहाच्या टपऱ्यांवर जायचं. वर्ष संपताना त्याचा विशेष अंक निघायचा. सरांनी जाहीर केलं, की ज्याची बातमी सगळ्यांत चांगली, ती पहिल्या पानावर, लिहिणाऱ्याच्या नावासह. सावळारामांना ते मोठ्या टाइपातलं नाव दिसायलाही लागलं.

मग घरात अभ्यास सुरू झाला. विशेषणं काढायची. एकदा जेवताना म्हणाले, "आमटी झाली."

कुशाबाई थांबली. "चांगली का वंगाळ?"

"ते वाचकानं ठरवायचं. आपण फक्त घडलं ते सांगायचं."

दुसऱ्या दिवशी ताटात नुसती भाकरी आली. आमटी नाही, कांदा नाही, मिठाची चिमूटही नाही. "भाकरी झाली," कुशाबाई म्हणाली. "बाकी समदा फुलोरा." त्यानंतर घरात विशेषणं पूर्ववत सुरू झाली. निदान आमटीपुरती.

दुसरी अडचण 'का'ची. लग्नात 'का' विचारायची पद्धतच नव्हती. कोण आलं, कुठून आलं, कुणाच्या गाडीतून आलं, हे सगळं सावळारामांना पाठ. का आलं, हे कधी विचारलेलं नाही. सर म्हणायचे, "जो प्रश्न सगळ्यांना पडतो आणि कुणीच विचारत नाही, तिथं बातमी असते." पोरांनी विषय घेतले: रस्त्यावरचे खड्डे, बसस्टँडचं पाणी, कॉलेजचं वाचनालय. सावळाराम दोन आठवडे विचार करत होते. विषय सापडला तो इंदापूरच्या एका लग्नात, आणि तोही त्यांच्या हातात माईक असताना.

लग्न अप्पांच्या पुतण्याचं. अप्पांना दोन्ही तालुके ओळखतात. अप्पा कशाचेही काही नाहीत. पूर्वी कधी काही होते असंही नाही. पण पुढे काहीतरी होणार आहेत अशी हवा गेली वीस वर्षं टिकून आहे, आणि त्या हवेवर चौकाचौकांतले फ्लेक्स हलत असतात. सावळाराम त्यांना 'भावी' म्हणत. कशाचे भावी, हे गुलदस्त्यात ठेवत. त्यामुळे अप्पाही खूश आणि जे सध्या आहेत तेही निश्चिंत.

मुहूर्त टळून गेला होता. ऊन मंडपाच्या कापडातून खाली ठिबकत होतं. अंतरपाट धरलेल्या दोघांचे हात भरून आले होते, आणि माईकवर एकामागून एक आशीर्वाद चालले होते. अप्पा "दोनच शब्द" म्हणून उठले. उजनीचं पाणी, उसाचा दर, तरुणांचं व्यसन आणि स्वतःचं लग्न एवढं झाल्यावर त्यांनी वधूवरांना शुभेच्छा दिल्या, त्यात वधूचं नाव चुकवलं. सावळारामांनी "अप्पांच्या ओघवत्या वाणीनं आपण सर्वच मंत्रमुग्ध झालो" असं म्हणून पुढची चिठ्ठी उघडली. तेव्हा त्यांचं लक्ष पुढच्या रांगेतल्या पोरांकडे गेलं. कंटाळून कंटाळून पोरांनी हातातल्या अक्षता एकमेकांच्या डोक्यावर टाकून संपवल्या होत्या. खऱ्या अक्षतांची वेळ आली तेव्हा अर्ध्या मंडपाकडे तांदूळच नव्हते. लोकांनी नुसतेच हात हलवले.

लग्नं वेळेवर का लागत नाहीत? सहाच्या सहा प्रश्न त्यात बसत होते. सावळारामांना एवढा आनंद झाला, की जेवणाच्या गडबडीतच त्यांनी चौकशी सुरू केली.

आधी गुरुजींना गाठलं. गुरुजींना निमगावला दुसरं लग्न होतं, ते चालता चालताच बोलत होते. "का म्हणजे? तुम्ही थांबलात तर मी सुरू करणार ना."

"माझं सोडा गुरुजी. खरं कारण सांगा."

"खरंच सांगतोय," गुरुजी मोटारसायकलवर बसत म्हणाले.

आचारी भाताच्या पातेल्यापाशी घाम पुसत होता. "ह्यो भात बघा. मुहूर्ताच्या हिशेबानं उतरवला, आता त्येचा लगदा झालाय. पाव्हणं मला शिव्या द्येत्यात. शिव्या द्यायच्या त्या कर्ण्याला द्या की!"

"कर्ण्याला म्हंजी मंडपवाल्याला?"

आचाऱ्याने त्यांच्याकडे नुसतंच पाहिलं.

मग नवरीच्या मावशीला विचारलं. मावशीने पदर खोचला. "सकाळपासनं पोरगी उपाशी हाय, चक्कर येऊन पडायची येळ आली. आणि तुमी तिकडं कुणाकुणाला जाणतं करत बसलाय! दादा, तुमचा तो भोंगा पयला बंद करा, मग 'का' इचारा."

बँडवाल्यांनी हेच सांगितलं. म्हाताऱ्यांनी हेच सांगितलं. सावळाराम प्रत्येकाचं लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, खरं कारण अजून हाताला लागत नाही. ते लागलं घरी आल्यावर, फेटा सोडताना. दोन्ही तालुक्यांत बातमी शोधत हिंडणाऱ्या वार्ताहराला आरोपी सापडला तो आरशात.

माणसाने गप्प बसून दुसरा विषय घेतला असता. सावळारामांनी बातमी लिहिली, आणि चांगली लिहिली. मुहूर्त पहिल्या ओळीत होता. उपाशी नवरी दुसऱ्या ओळीत होती. कुणी किती लांबण लावली हे पुढाऱ्यांच्या नावानिशी होतं, एकाही विशेषणाशिवाय. आणि सरांनी शिकवलं होतं, की ज्याच्यावर ठपका येतो त्याची बाजूही घ्यायची. म्हणून तिसऱ्या परिच्छेदात होतं: 'उशिराचे मुख्य कारण निवेदक असल्याचे बहुतेकांनी सांगितले. याबाबत निवेदक सावळाराम वणवे यांच्याशी संपर्क साधला असता, "आम्ही फक्त आलेल्या चिठ्ठ्या वाचतो," असे ते म्हणाले. थांबता आले असते का, या प्रश्नावर त्यांनी उत्तर देण्याचे टाळले.'

सरांनी बातमी दोनदा वाचली. पहिल्यांदा हसू दाबत, दुसऱ्यांदा न हसता. "काका, पहिलं पान तुमचं."

सावळारामांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "नाव कसं छापायचं ते लिहून आणलंय सर. सावळाराम, मधी वडलांचं, मग वणवे. खाली लासुर्णे."

सरांचा चेहरा थोडा पडला. "तिथंच अडचण आहे. बातमीत ज्याच्यावर ठपका आहे, तोच बातमी लिहिणारा म्हणून वर छापता येत नाही. वाचक विश्वास कसा ठेवेल? दोनच रस्ते आहेत. तिसरा परिच्छेद काढा, मग नाव वर येईल. किंवा तो राहू द्या, वर नुसतं 'आमच्या प्रतिनिधीकडून' जाईल. उद्यापर्यंत सांगा."

संध्याकाळी सावळाराम ओट्यावर बातमी घेऊन बसले. तिसऱ्या परिच्छेदावर त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली, आणि वाचून पाहिलं. काही बिघडत नव्हतं. उलट बातमी आटोपशीर झाली होती. उशीर पुढाऱ्यांनीच तर केला! त्यांनी कुशाबाईला हाक मारली. "ऐक. मोठ्यानं वाचतो."

कुशाबाई लसूण सोलत ऐकत होती. अप्पांचं नाव आलं तेव्हा तिने "बरं झालं" म्हटलं. वाचून झाल्यावर विचारलं, "आन् तुमी कुठं हुता?"

"म्हंजी?"

"ह्यांची भाषणं झाली, ह्यांनी लांबण लावली. पर ह्यास्नी उठवलं कुणी? आपल्या पुष्पीच्या लग्नात बी तुमीच उठवत हुता. माझ्या पोरीच्या डोळ्यातलं पानी मी पुसत हुते, आन् तुमी माईकवर म्हनला, 'वधूच्या डोळ्यांत आनंदाश्रू'. भुकेनं रडत हुती ती."

कुशाबाईने लसणाची फोलं झटकली आणि आत गेली. सावळारामांनी खोडरबर मागितला. नातवाने दप्तरातून काढून दिला.

विशेष अंक निघाला. पहिल्या पानावर बातमी होती, तिच्यावर होतं 'आमच्या प्रतिनिधीकडून'. सावळारामांचं नाव होतं तिसऱ्या परिच्छेदात. जाहिरात आली होती, बातमी खालून कापलीही होती, पण तेवढ्यापर्यंत कात्री पोचली नव्हती. जन्मात पहिल्यांदा ते पेपरात छापून आले, ते असे.

मंडपात वही घेऊन कोण हिंडलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आता फोन येणार आणि हंगामाची सगळी लग्नं हातची जाणार, या तयारीत सावळाराम बसून राहिले. पहिला फोन अप्पांचाच आला.

"सावळाराम, हे वागणं बरं न्हाय."

"चुकलं असंल अप्पा, पर घडलं तेच—"

"घडलं ते कुठं लिवलंय? सोसायटीच्या चेरमनचं नाव वर, माझं खाली? त्येनं किती येळ घेतला? सगळ्यांत जास्त मी बोललो! आख्खा मंडप साक्षीला हाय. उशीर माझ्यामुळं झाला, आणि नाव त्येचं?"

अप्पांनी फोन ठेवला तो पुढच्या अंकात दुरुस्ती छापा असं बजावून. मग दिवसभर तसेच फोन. आमच्या दाजींनी बी लांबण लावली, त्यांचं का न्हाय? भाऊसाहेब तर दोनदा बोलले! मुजम्मिल सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, ह्या भागात टीका लिहायची सोय नाही. लोक त्यालाही सत्कार समजतात."

पण एक फोन वेगळा होता. उत्कर्षाच्या आईचा, जळोचीहून. मोठी मुलगी राजनंदिनी हिचं लग्न ठरलं होतं. राजनंदिनीने पेपर वाचून आईला सांगितलं होतं, की मानपान काय करायचं ते करा, मला फक्त वेळेवर अक्षता आणि वेळेवर जेवण द्या. "भाऊ, निवेदनाला तुमीच या," उत्कर्षाची आई म्हणाली. "पण नाव एक बी घ्यायचं न्हाय. कुणाचंच. जमंल का?"

सावळारामांनी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर त्यांना घाम फुटला. ते पोहणाऱ्याला हात न हलवता पलीकडे जा म्हटल्यासारखं होतं.

लग्नाच्या दिवशी मात्र ते उभे राहिले. पहिली चिठ्ठी आली, त्यांनी खिशात टाकली. दुसरी आली, तीही टाकली. जीभ आतल्या आत 'प्रगतशील' म्हणत होती, ओठ मिटलेले होते. मुहूर्ताला त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "मंडळी, उभे राहा. लग्न लागत आहे." इतकं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून काही म्हाताऱ्यांना वाटलं लाइट गेली. गुरुजी दचकले, मंगलाष्टकं सुरू झाली. पोरांच्या मुठी अक्षतांनी भरलेल्या होत्या. राजनंदिनीच्या डोक्यावर तांदूळ असे पडले, की तिला डोळे मिटून घ्यावे लागले, आणि ती हसली. भात मोकळा होता. पुष्पी आठवून कुशाबाईने नाक शिंकरलं.

घोळ झाला तो पुढे. पत्रिकेतली वेळ म्हणजे नेहमीसारखी वेळ, असं धरून निघालेले सगळे मान्यवर एकदमच पोचले. बाहेर गाड्यांची दारं धडाधड लागली, फेटे आत आले. स्टेजवर मंडपवाला फुलांच्या माळा उतरवत होता. नवरानवरी एकमेकांना जिलबीचा घास भरवत होते. पुढे उभं राहून कुणाला आशीर्वाद द्यावा हे कळेना. आशीर्वाद द्यायला रिकाम्या खुर्च्या होत्या.

"लग्न कुठाय?" अप्पांनी दारातल्या माणसाला विचारलं.

"लागलं की अप्पा."

"लागलं? आमी यायच्या आदी? लावलं कुणी?"

"सावळारामनं."

ते उत्तर मंडपभर फिरलं. कुणी लावलं? सावळारामनं. एवढ्या लवकर? सावळारामनंच. मोकळा भात खाणारे कौतुकाने सांगत होते, उशिरा आलेले दात ओठ खाऊन विचारत होते. आजवर त्या नावाची एवढी चर्चा कुठल्याच मंडपात झाली नव्हती.

आणि सावळाराम? ते पंगतीत बसले होते, कुशाबाईशेजारी. लग्नात गरम जेवण जेवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. एरवी त्यांची नावं संपेपर्यंत आचाऱ्याची भांडी घासून होत.

अप्पा तणतणत स्टेजवर चढले. माईक चालूच होता. त्यांनी तो हिसकावला, तसा कर्णा किंचाळला, आणि मग अप्पांचा आवाज जळोचीभर गेला: "निवेदक सावळाराम वणवे! लासुर्णेकर! जिथं असतील तिथनं स्टेजकडं यावं!"

सावळारामांचा घास हातात राहिला. हुद्दा होता, नाव होतं, गाव होतं. मागेपुढे एकही विशेषण नव्हतं.

"अवो," कुशाबाई म्हणाली, "तुमाला पुकारत्यात."

"ऐकलं."

"मग उठा की. चिडलंय ते."

"सावळाराम वणवे!" पुन्हा कर्णा.

पलीकडच्या पंगतीत मुजम्मिल सर आणि उत्कर्षा हसू आवरत त्यांच्याकडे बघत होते. सावळारामांनी वाढप्याला हाक मारून भातावर आमटी घेतली, नीट कालवली, आणि मान जरा कर्ण्याच्या दिशेने कलती केली.

"उठतो," ते म्हणाले. "अजून एकदा नाव घेऊ दे."